शुश्रूषेचें दरपत्रक

शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, हें शाळेंत संस्कृत शिकलेल्या वाचकांस सांगावयास नको. जो दुसऱ्याचें ऐकण्यास उत्सुक असतो तोच त्याची सेवा करूं शकतो, अशी कांहीं तरी कल्पना त्या शब्दामागें असावी. आमच्या आजोबांच्या अखेरच्या दुखण्यांत हें ऐकण्याचें काम घरांतील एका विधवा काकूंकडे होतें. रात्रीं दोन वाजतां तांब्या-भांड्याचा आवाज झाला कीं त्या उठत. इतर कोणास जाग येत नसे, किंवा आली तरी ती काकूंच्या उठण्याची वाट पाहण्यापुरती येई. त्यांना या कामावर कोणी नेमलें नव्हतें, त्यांचा पगार ठरला नव्हता, आणि ‘आज मला बरें नाहीं’ असें म्हणण्याची सोयही कोणी ठेविली नव्हती. एकत्र कुटुंबांत वृद्ध माणसें किती सुखांत असत याचीं वर्णनें आम्ही पुष्कळ वाचतों. तें सुख ज्या हातांनीं उत्पन्न होत असे त्यांचा हिशेब मात्र त्या वर्णनांत सहसा नसतो.

पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदन निघालें, आणि परिचारिकेचें काम शिकून चार पैसे मिळविणें हें कुलीन स्त्रीस कमीपणा आणणारें नव्हे, ही गोष्ट त्या संस्थेनें आपल्या समाजाच्या गळीं मोठ्या कष्टानें उतरविली. शुश्रूषेस शिक्षण लागतें आणि शुश्रूषेस मोल असतें, हे दोन विचार तेव्हांपासून आपल्या घरांत आले. ते इस्पितळापर्यंत नीट पोंचले. घराच्या माजघरापर्यंत मात्र ते अजून पुरते पोंचलेले नाहींत, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे.

त्याला कारण आमच्या आत्याबाई. त्या भोरच्या पश्चिमेस, हिरडस मावळांतील एका गांवीं, कुळकर्णी वतनाच्या जुन्या घरांत एकट्या राहतात. मुलगा परदेशीं, मुलगी बडोद्यास. वयाच्या ८१ व्या वर्षीं त्या ओटीवरून पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया पुण्यास झाली व चांगली झाली. पुढील सहा आठवडे त्या आमच्याकडे होत्या. दिवसा घरांतील मंडळी पाहत. रात्रपाळीस ब्यूरोकडून एक बाई ठेविल्या होत्या. आमच्यापेक्षां वीस वर्षांनीं लहान असलेल्या या बाईंस घरांतील सर्वजण मावशी म्हणत. पगारी माणसास नातें देऊन टाकण्याची आपली ही रीत मोठी सोयीची आहे. नात्यास साप्ताहिक सुट्टी नसते.

मावशींच्या हाताला विलक्षण गुण होता. आत्याबाईंस कुशीवर वळवितांना त्या एक हात खांद्याखालीं आणि दुसरा कमरेखालीं असा घालीत, कीं दुखणें जागें होण्याच्या आंत कूस बदललेली असे. ही कला कोठें शिकलांत, असें आम्हीं विचारलें. तेव्हां कळलें कीं त्या वेल्हे तालुक्यांतल्या. तीन वर्षांपूर्वीं सासूबाईंस अर्धांगवायु झाला, आणि कुशी वळविण्याचें शिक्षण त्यांच्याच अंथरुणापाशीं झालें. पुढें भातशेतीवर भागेना. नवरा शिरवळच्या बाजूस एका कारखान्यांत हंगामी कामावर लागला, मावशी पुण्यास आल्या. सासूबाईंपाशीं आतां कोण, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “शेजारीण बघते. भाकरी-पाणी देते.” आणि आत्याबाईंची उशी सारखी करूं लागल्या.

एके दिवशीं त्या शेजारणीचाच फोन आला, आणि मावशींनीं दोन दिवसांची रजा मागितली. रविवार होता, आम्हीच त्यांना गाडीनें घेऊन निघालों. साताऱ्याच्या रस्त्यानें नसरापूरपर्यंत जावें आणि उजवीकडे वळावें, म्हणजे मार्गासनीवरून, विंझरवरून तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यास जातां येतें. जुन्या कागदांत ज्यास गुंजण मावळ म्हणत तो हा भाग. २०२४ सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें या तालुक्यास राजगड असें नांव देण्याचा निर्णय केला. लोकांच्या तोंडीं मात्र अजून वेल्हेच आहे. २०११ च्या खानेसुमारींत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारें १ लाख ८६ हजार होती, आणि वेल्ह्याची अवघी ५४ हजारांच्या घरांत. या थोड्या माणसांवर डोंगर मात्र उदंड. एकेका ग्रामपंचायतीच्या वाड्या एकमेकींपासून ओढ्यांनीं आणि खिंडींनीं तुटलेल्या असतात. पावसाळ्यांत अर्ध्या कोसावरची वाडी दोन कोसांवर जाते, असें तेथें म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. तरुण माणसें पुण्यास, मुंबईस किंवा महामार्गाच्या कडेच्या कारखान्यांत. गाडीच्या कांचेंतून आम्हांस दिसले ते बहुधा म्हातारे, म्हाताऱ्या आणि शाळेचीं मुलें.

मावशींच्या घरांत उजेड थोडा होता. सासूबाई खाटेवर होत्या. डावें अंग निर्जीव. पाठीला अंथरुण लागून जखमा झालेल्या. सून आंत येतांच त्या म्हातारीनें मान वळविली आणि पहिला प्रश्न केला, “तिकडच्या आजी बऱ्या हायेत का?”

आम्ही बाहेर अंगणांत येऊन उभे राहिलों.

शेजारच्या घरीं बाळंतीण होती. थोड्या वेळानें तेथें गांवची आशाताई आली. ‘आशा’ म्हणजे २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर निर्माण झालेली, गांवचीच रहिवासी असलेली आरोग्यसेविका. साधारणतः हजार वस्तीस एक. तिनें हात धुतले, झोळीच्या कांट्यास बाळ अडकवून वजन घेतलें, ताप पाहिला, बाळ अंगावर पितें कीं नाहीं हें स्वतः डोळ्यांनीं पाहिलें, आणि वहींत मांडलें. चौदावा दिवस होता. इस्पितळांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या घरीं तिनें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं जावयाचें, अशा सहा भेटी नेमून दिलेल्या आहेत; घरीं जन्मलेल्याच्या बाबतींत पहिल्या दिवसाची एक अधिक. भेटी पुऱ्या झाल्या, नोंदी नीट असल्या, म्हणजे तिला २५० रुपये मिळतात. पुढें तीन महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंत आणखी पांच भेटी. त्यांचा दर निराळा.

या सहा भेटींचें कूळ महाराष्ट्रांतलेंच आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें ३९ गांवांतील बायकांना नवजात बालकाची घरच्या घरीं काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. त्या भागांत नवजात बालकांचे मृत्यु तुलनेच्या गांवांहून ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, आणि २०११ सालीं केंद्र सरकारनें ती पद्धत साऱ्या देशासाठीं स्वीकारली. डॉक्टर नसलेल्या ठिकाणीं, थोडें शिकलेली पण शेजारची असलेली स्त्री ठरलेल्या दिवशीं दारांत येऊन उभी राहते, एवढ्यानें केवढा फरक पडतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

बाळाचें काम आटोपून आशाताई या घरांत आली. म्हातारीची पाठ तिनें पाहिली, जखम कशी धुवावी हें मावशींस पुन्हा दाखविलें, पायांच्या टांचा पाहिल्या, दोन शब्द थट्टेचे बोलली. पंचवीस मिनिटें गेलीं असतील. बाहेर आल्यावर आम्हीं विचारलें कीं या भेटीचें काय मिळतें. ती हंसली. “याचं काय मिळायचं, काका? हे लिहायला वहीत रकानाच नाही.”

तें उत्तर आमच्या डोक्यांतून गेलें नाहीं. परत आल्यावर मिळतील तीं सरकारी परिपत्रकें व नियमपुस्तकें आम्हीं वाचून काढिलीं, तों असें दिसलें कीं रकाना अगदींच नाहीं असें नव्हे. वृद्धांच्या आरोग्यासाठीं केंद्राचा एक राष्ट्रीय कार्यक्रम २०१०–११ पासून आहे. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या घरीं उपकेंद्राच्या आरोग्यसेवकांनीं जावें, घरच्या माणसांस शुश्रूषा शिकवावी, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. शिवाय तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाचा जो तक्ता आशा भरून घेते, त्यांत साठीपुढील माणसांसाठीं वेगळे प्रश्न आहेत. उभें राहतांना तोल जातो काय? जेवणें, उठणें, अंघोळ, शौच यांस दुसऱ्याची मदत लागते काय? जवळच्या माणसांचीं नांवें विसरतां काय? प्रश्न उत्तम आहेत. ज्यानें कोणीं ते काढिले त्यास वार्धक्याची खरी ओळख असावी. मावशींच्या सासूबाईंनींही त्यांचीं उत्तरें दिलेलीं आहेत. ‘होय’ या उत्तरापुढें वरिष्ठांस कळवावें असें लिहिलेलें आहे. कळविल्यावर दारीं कोण येणार, कितव्या दिवशीं येणार, त्याला कोण किती देणार, हें मात्र लिहिलेलें नाहीं.

येथें आमच्या मतें सगळी गोम आहे. सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था एखादें काम खरोखर करवून घेते तेव्हां तीन गोष्टी ठरवून देते: काम कोणतें, किती वेळां, आणि किती मोबदल्यांत. बाळाच्या बाबतींत तिन्ही ठरल्या आहेत. म्हणून तोरण्याच्या पायथ्याच्या वाडींतही चौदाव्या दिवशीं दारावर थाप पडते. वृद्धाच्या बाबतींत काम तेवढें ठरलें आहे. संख्या आणि मोल नसलेलें काम सरकारी कागदावर इच्छेच्या रूपानें राहतें, आणि प्रत्यक्षांत आशाताईच्या भलेपणावर. त्या भलेपणास तरी किती ताणावें? याच आशांनीं २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रांत संप केला, तेव्हां कोठें २०२४ मध्यें राज्यानें त्यांच्या मासिक मोबदल्यांत ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. त्याच्या दोन वर्षें आधीं जागतिक आरोग्य संघटनेनें देशांतील साऱ्या आशांचा गौरव केला होता.

वृद्धांस सरकार कांहींच देत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. गरीब कुटुंबांतील ६५ वर्षांवरील माणसास श्रावणबाळ योजनेखालीं महिना १,५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ते १,००० होते. मावशींच्या सासूबाईंस ते मिळतात, आणि ते बुडाले असते तर त्या घरास जाणवलें असतें. पण योजनेचें नांव श्रावणबाळ! त्या मुलानें आईबापांच्या हातावर मासिक रक्कम ठेवली नव्हती. कावड खांद्यावर घेतली होती. दुसरी सोय २००७ च्या कायद्याची. मुलें सांभाळीत नसतील तर आईबापांनीं प्रांताकडे अर्ज करावा, आणि प्रांतानें महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी ठरवून द्यावी. हा कायदा नालायक मुलांसाठीं आहे. मावशी नालायक नाहींत. त्या सासूचें औषध विकत घेण्यासाठीं दुसऱ्याच्या आत्येची कूस वळवितात. या पेंचास कोणत्याही न्यायाधिकरणापाशीं उत्तर नाहीं.

इतरत्र काय करतात हेंही पाहावें. इंग्लंडांत वृद्धाच्या घरीं माणूस पाठविणें हें तेथील नगर व प्रांत मंडळांचें कर्तव्य आहे. १९९० च्या एका कायद्यानंतर, १९९३ पासून, ही मंडळें स्वतः नोकर ठेवण्यापेक्षां खासगी संस्थांकडून शुश्रूषा विकत घेऊं लागलीं. मंडळाचा माणूस येऊन वृद्धाची गरज तपासतो, तास ठरतात, निविदा निघतात. व्यवस्था म्हणून पाहिलें तर आपल्या रिकाम्या रकान्यापुढें ती सोन्याचीच. परंतु पैशाची ओढाताण सुरू होतांच ताशांचीं मिनिटें झालीं. पंधरा मिनिटांत उठवावें, धुवावें, कपडे बदलावे आणि पुढच्या दारीं धांवावें, अशा भेटींवरून तेथें मोठा वाद माजला. २०१४ च्या कायद्याबरोबर काढलेल्या मार्गदर्शनांत, अंगाला हात लावून करावयाच्या सेवेस इतका अपुरा वेळ योग्य नव्हे, असें लिहून द्यावें लागलें. पंधरा मिनिटांत म्हातारीस धुणें कदाचित् शक्य असेल; तिचें ऐकणें शक्य नाहीं, आणि शुश्रूषा शब्दाचा अर्थ आम्हीं आरंभींच सांगितला आहे.

आपल्याच देशांत केरळानें निराळी वाट काढिली. कोझिकोडास १९९३ सालीं असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्यासाठीं कांहीं डॉक्टरांनीं एक संस्था काढिली. मलप्पुरमच्या बाजूस गांवोगांवचे स्वयंसेवक त्या कामांत उतरले. आणि २००८ सालीं राज्य सरकारनें त्याचें धोरण केलें. आतां तेथील ग्रामपंचायत आपल्या वार्षिक आराखड्यांत या कामाची योजना घालते, एक परिचारिका नेमते, गाडी ठेवते, आणि परिचारिका ठरलेल्या दिवशीं अंथरुणास खिळलेल्यांच्या घरीं जाते. बरोबर गांवचा स्वयंसेवक असतो. ऐकण्याचें काम बहुधा त्याच्याकडे.

हें भोर-वेल्ह्यांत जमेल काय? आमच्या एका स्नेह्यांनीं, ते जिल्हा परिषदेंत दीर्घकाळ होते, एका वाक्यांत आमचा उत्साह कमी केला: केरळची ग्रामपंचायत आणि आपली ग्रामपंचायत हीं नांवानें एक, आकारानें दोन. तें खरें आहे. केरळांत अशा पंचायती ९४१. महाराष्ट्रांत सुमारें २८ हजार. सबंध वेल्हे तालुका तेथल्या दोन-तीन पंचायतींत सहज मावेल. पांचपन्नास घरपट्ट्यांवर चालणाऱ्या वाडीनें परिचारिका कोठून नेमावी? शिवाय तिच्या तुटपुंज्या उत्पन्नालाही वाटे ठरलेले आहेत: स्वतःच्या उत्पन्नांतून १५ टक्के मागासवर्गीयांसाठीं, १० टक्के महिला व बालकल्याणासाठीं, ५ टक्के दिव्यांगांसाठीं. हे वाटे योग्यच आहेत. वृद्धांच्या नांवाचा वाटा त्यांत नाहीं.

तथापि त्याच स्नेह्यांनीं पुढें जें सांगितलें तें आम्हांस अधिक मोलाचें वाटलें. परिचारिका पंचायत समितीच्या पातळीवर असावी, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गांवांस मिळून एक. आणि गांवांत आशाताई आहेच. तिच्या दरपत्रकांत एक ओळ वाढवावी: अंथरुणास खिळलेल्या वृद्धास महिन्यांतून इतक्या भेटी, प्रत्येकीचे इतके रुपये, आणि प्रत्येकीस इतक्या वेळाच्या आंत उरकूं नये. ही शेवटची अट आमची. इंग्लंडच्या अनुभवावरून घातलेली. अर्धांगवायूनें पडलेली मावशींच्या सासूबाईंसारखी स्त्री कायद्यानें दिव्यांगही ठरूं शकते. तेव्हां त्या ५ टक्क्यांतून निदान पाण्याची गादी किंवा चाकांची खुर्ची घेण्यास आजही कोणाची हरकत नसावी. मात्र त्यासाठीं दिव्यांगत्वाचा दाखला पाहिजे, आणि दाखल्यासाठीं जिला कूस वळवितां येत नाहीं तिनें तपासणीस इस्पितळांत जावयास पाहिजे. अशा एका दाखल्यासाठीं आम्हीं एका कचेरींत तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेस साहेब दौऱ्यावर होते.

आमच्या आत्याबाई हिरडस मावळांत परत गेल्या. बडोद्याची मुलगी पाळीपाळीनें येते, मुलगा पैसे पाठवितो, आणि गांवांतीलच एक पोक्त बाई दिवसरात्र सोबतीस आहे. पैसा असला म्हणजे हें सर्व जमतें. मावशी दुसऱ्या एका घरीं रात्रपाळीस लागल्या.

आशाताईशीं आमचें फोनवर बोलणें होतें. ग्रामसभेंत हा विषय काढावा म्हणून आम्हीं सुचविलें होतें; गांवच्या विकासाचा आराखडा तेथेंच मांडतात. तो विषय पत्रिकेवर येऊं शकला नाहीं, आयत्या वेळच्या विषयांत घेऊं असें सांगण्यांत आलें, आणि तोंवर माणसें पांगलीं. पुढच्या सभेपूर्वीं लेखी द्या, असें ग्रामसेवकांनीं तिला सांगितलें आहे. म्हणून तिनें यादी केली आहे. बाळांच्या वहीचें शेवटचें पान कोरें होतें, त्यावर तिनें हातानें रेघा ओढून रकाने आंखले: नांव, वाडी, काय होतें, घरीं कोण, शेवटची भेट कधीं. तिच्या हद्दींतील अकरा नांवें आहेत. त्यांपैकीं सात जणांपुढें ‘घरीं कोण’ या रकान्यांत तिनें शेजारणीचें नांव लिहिलें आहे.